चाकणच्या परदेशी कंपनीचं काम घ्यावं का? भोसरीतल्या छोट्या टर्निंग शेडचा प्रश्न

शेडवाली

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण वर्कशॉपवाले आहेत म्हणून विचारते. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी.

भोसरी एमआयडीसीत आमची टर्निंगची, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातायची, शेड आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन) आणि बाबांच्या काळातले दोन लेथ, जे मी विकत नाही आणि वापरतही नाही. माणसं चौदा. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून मी बघते. वर्षाची विक्री दोन कोटी दहा लाखांच्या आसपास. गिऱ्हाइकं सगळी देशी: इचलकरंजीला मागाचे पार्ट जातात, कोल्हापूरकडे पंपाचे शाफ्ट आणि बुश, शिवाय इथल्याच दोघा-तिघांचं जॉबवर्क. पैसे उशिरा येतात, पण फोन केला की माणूस बोलतो आणि थोडे तरी पाठवतो.

आता चाकणची एक परदेशी कंपनी आली आहे. ब्रेकचे भाग बनवते, गाड्यांच्या कारखान्यांना थेट देते. होज फिटिंगचा एक पार्ट, महिन्याला ४०,००० नग. मी १३.६० भाव दिला, त्यांचं टार्गेट १२.२०. वर दरवर्षी तीन टक्के कपात, सलग तीन वर्षं. पेमेंट ९० दिवसांनी. बार (ज्यातून पार्ट कापायचा ती सळई) आम्ही घ्यायचा, पण त्यांनी सांगितलेल्या दुकानातून आणि त्यांनी ठरवलेल्या भावाने. कॉस्टिंग उघडं करून द्यायचं, म्हणजे मशीनचा तासाचा दर, इन्सर्टचा (कापायच्या बदलत्या पात्याचा) खर्च, चिप (कातताना निघणारा धातूचा चुरा) विकून किती येतात तेसुद्धा.

माझ्याकडे एवढी कपॅसिटी नाही. एका नगाला ५५ सेकंद लागतात, त्यामुळे दोन नवी मशीनं लागतील. बार फीडर, गेज (मापं तपासायची साधनं) वगैरे धरून ५५ लाख. बँक ४५ देते म्हणते, हप्ता महिन्याला साधारण ९५ हजार.

बाबांनी अशी कामं दोनदा नाकारली होती. का, ते कधी नीट सांगितलं नाही. "आपलं बरं चाललंय" एवढंच म्हणायचे, आणि ते खरं नव्हतं. उलट आमच्याच लाइनमधल्या एकाने असं काम घेतलं, त्याची आज मोशीला मोठी जागा आहे. दुसऱ्या एकाने घेतलं, त्याच्या शेडमध्ये आता कुरिअरचं गोडाऊन आहे.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारायचं आहे. परदेशी कंपनी दारात आली की आपल्यासारख्या शेडचं नेमकं होतं काय? देशभक्तीची भाषणं नकोत, दोन्ही बाजूंची.

---

हिशेबी

मी सीए आहे, मशीनमधलं काही कळत नाही. फक्त ९० दिवसांबद्दल बोलतो.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच, नसेल तर आज करा. एवढ्या विक्रीवर तुम्ही 'सूक्ष्म' मध्ये येता. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी ४५ च्या वर जाता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे ९० दिवसांचं ते कलम तुमच्या बाबतीत कागदावरच राहणारं आहे.

आता खरं सांगतो. हा कायदा वापरून सुविधा परिषदेत, म्हणजे अशा थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, गेलेला माझा एकही अशील त्या गिऱ्हाइकाकडे पुन्हा माल देत नाही. पैसे मिळाले, काम गेलं.

पण २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरात ४३बी(एच) आणलं, त्यानंतर वारं थोडं बदललंय. मुदत उलटूनही तुमचे पैसे वर्षअखेरीस बाकी राहिले तर त्या वर्षी तो खर्च कंपनीला वजा मिळत नाही. मोठ्या कंपनीच्या फायनान्सवाल्याला न्यायालयापेक्षा ही भीती जास्त असते. त्यामुळे पर्चेसवाल्याशी वाद घालू नका. "आम्ही सूक्ष्म आहोत, उद्यम सर्टिफिकेट जोडलंय, व्हेंडर कोड काढताना तशी नोंद करा" एवढा मेल टाका. बाकीचं त्यांचंच सॉफ्टवेअर करेल.

दुसरं म्हणजे ट्रेड्स, बिलांवर बँकेकडून आधी पैसे मिळवायचा ऑनलाइन मंच. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची झाली आहे. कंपनीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँक तुम्हाला लगेच पैसे देते, थोडं व्याज कापून. आणि कंपनीने पुढे पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्या मागे येत नाही. "बिलं ट्रेड्सवर स्वीकारणार का?" हे पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) आधी लेखी विचारा. नंतर कोणी विचारलेलं ऐकत नाही.

---

जुना टर्नर

ताई, वयाने तुझ्या बाबांएवढा असेन, अरेतुरे केलं तर राग मानू नकोस. मी वाळवा तालुक्यातला. १९७९ ला पिंपरीत टर्नर म्हणून लागलो, १९८६ ला भोसरीत एका लेथवर स्वतःचं सुरू केलं. आता मुलगा बघतो, मी सकाळी जाऊन दोन तास बसतो आणि सगळ्यांना त्रास देतो.

माझ्या दारात परदेशी कंपनी १९९९ ला आली. स्वतः चालत आली, हे आधी लक्षात घे. त्या वेळी गाड्यांच्या परदेशी कंपन्यांना सरकारची अट होती: तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के माल इथला, पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के. पुढे अमेरिका आणि युरोपने त्यावर जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, २००१ ला निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि ती अट गेली. पण त्या दोन-तीन वर्षांत त्यांची माणसं भोसरीच्या गल्ल्यांमधून व्हेंडर शोधत हिंडायची. माझ्या शेडपुढे गटार उघडं होतं, त्यावरून फळी टाकून साहेबाला आत घेतलं.

पार्ट होता बँजो बोल्ट, इंधनाच्या नळीचा. मधून पोकळ आणि बाजूने आडवं भोक. महिन्याला २४,०००, भाव १८ रुपये. मला वाटलं, घर बांधलं.

चौथ्या महिन्यात फोन आला. चौदा बोल्टमध्ये बर, म्हणजे भोक पाडताना कडेला राहिलेली धातूची कणी, सापडली. आडवं भोक आतल्या भोकाला जिथे मिळतं तिथे केसाएवढी बर राहते, ती सुटून पुढे गेली की व्हॉल्व्हमध्ये अडकते. त्यांनी माझा तिथला सगळा माल, ३१,००० नग, बाहेरची माणसं लावून तपासून घेतला, लाइन २२ मिनिटं थांबली होती त्याचेही पैसे लावले. डेबिट नोट आली ३,८०,००० ची. महिनाभराचं बिल साफ. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि सकाळी माझ्या सेटरला (मशीन लावून देणाऱ्या कारागिराला) नको ते बोललो.

आठवड्याने त्यांचा जर्मन माणूस आला, सोबत पुण्याचा एक पोरगा, भाषांतराला. मला वाटलं झापणार. तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला, एक शब्द नाही. वीस मिनिटं नुसता बघत होता. मग सेटरला विचारलं, "ड्रिल कधी बदलता?"

सेटर म्हणाला, "आवाजावरून कळतं."

आणि ते खरं होतं बरं का. त्या पोराचा कान असा होता की दुसऱ्या शेडमधलं मशीन चुकलं तरी तो मान वळवायचा. भाषांतर करणारा पोरगा घुटमळला, हे कसं सांगायचं म्हणून. सांगितलं. जर्मन हसला नाही. म्हणाला, "उत्तम. रात्रपाळीला कोण ऐकतं?"

रात्रपाळीला तो नव्हताच. रात्री जो होता त्याला सेटरने सांगितलं होतं की "आवाज बदलला की बदल". त्याला तो आवाज कधी बदललेला ऐकूच आला नाही.

मग मशीनवर काउंटर बसवला. ६०० भोकं झाली की मशीन आपोआप थांबणार, ड्रिल बदलल्याशिवाय पुढे जाणार नाही. खर्च किती? दोन हजार रुपयेसुद्धा नाही. मी तेरा वर्षं धंदा करत होतो आणि मला हे सुचलं नव्हतं. त्यानंतर लाल रंगाची लोखंडी पेटी आली, वर फक्त फट. खराब नग त्यात टाकायचा, पेटीला कुलूप, किल्ली ऑपरेटरकडे नाही. आधी आमच्याकडे खराब नग बाकाखाली ठेवायचे आणि महिनाअखेरीस नग कमी पडले की त्यातले "बरे" निवडून घालायचे. तुझ्या शेडमध्ये होत नसेल, पण बाकाखाली एकदा वाकून बघ.

हे सगळं मी पंपवाल्या गिऱ्हाइकांच्या कामालाही लावलं. शेकड्याला तीन-चार नग परत यायचे, ते हजारात एखाद्यावर आले. पंपवाल्याने याचा एक पैसा वाढवून दिला नाही, पण पुढची पंधरा वर्षं तो दुसरीकडे गेला नाही. तेव्हा कंपनीने काय दिलं म्हणशील तर हे दिलं. फुकट दिलं नाही, पण दिलं, आणि ते माझ्याकडे राहिलं.

आता दुसरी बाजू.

१८ रुपयांचे तीन कपातींनंतर १६.४३ झाले. त्याच काळात वीज, पगार, इन्सर्ट सगळं वर. पहिल्या कपातीला मी काउंटर, नवं इन्सर्ट, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) असं करून पैसे वाचवले. दुसरीलाही थोडे वाचले. तिसरीला वाचवायला काही उरलं नव्हतं, म्हणून माणसांचा ओव्हरटाइम कापला. त्यांनी मला काम सुधारायला शिकवलं आणि सुधारून जे वाचलं ते पुढच्या एप्रिलला मागून घेतलं. कॉस्टिंग उघडं दिलंस की त्यांना नेमकं कळतं किती वाचलं. चिपचे पैसे तर पहिल्या दिवशीच वजा करतात. आमच्या वेळी ते बायकोच्या भिशीचे पैसे असायचे!

सेटर गेला. अर्थात त्याच कंपनीत, जवळपास दुप्पट पगारावर. मी त्याला घडवायला सात वर्षं घेतली होती. चीड आली, अजून येते. पण त्या पोराने तिथे मापनाचं सगळं शिकून घेतलं, आणि आज कुरुळीला त्याची स्वतःची शेड आहे, माझ्यापेक्षा दोन मशीनं जास्त. मागे गेलो होतो. काउंटरचा आकडा भिंतीवर हाताएवढ्या अक्षरात रंगवलाय.

आमच्या गल्लीत प्लेटिंगवाला होता, गंज लागू नये म्हणून भागांवर पिवळं पॅसिव्हेशन करायचा, सगळ्यांचं काम त्याच्याकडे. मग युरोपचा नियम आला, गाडीत ते जुनं सहावाल्या क्रोमचं प्लेटिंग चालणार नाही, २००७ पासून. कंपनीने आम्हाला मंजूर प्लेटरांची यादी दिली. त्यात तो नव्हता. नवी टाकी, नवं रसायन, सॉल्ट स्प्रेची तपासणी, त्याला झेपणारं नव्हतं. आमच्या पाच-सहा शेडचं काम एका वर्षात त्याच्याकडून गेलं. त्या रसायनाने माणसाला कॅन्सर होतो, तेव्हा नियम चुकीचा म्हणवत नाही. पण त्याचं कंपनीशी कधी बोलणंसुद्धा झालं नव्हतं, आणि तो बंद पडला. परदेशी कंपनीचा परिणाम म्हणतेस ना, तो असा दोन घरं सोडून तिसऱ्यावर पण पडतो.

शेवट २००८ ला. ती गाडीच त्यांनी बंद केली. शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, २४,००० वरून ६,०००, तीन महिन्यांनी शून्य. कोणी वाईट बोललं नाही, सहीचं पत्र आलं. माझ्याकडे त्या पार्टसाठी घेतलेली दोन मशीनं आणि चौदा हप्ते शिल्लक.

मी का तगलो? पंपवाल्यांमुळे. बस्स.

तुझ्या आकड्यांवर एक सांगतो. विक्रीत हे काम तुझ्या पाचव्या हिश्श्याएवढं दिसतं, त्यामुळे धोका कमी वाटेल. पण कर्ज बघ. कर्ज शंभर टक्के त्यांच्या पार्टवर उभं आहे. ४०,००० नगांवर ९५ हजारांचा हप्ता म्हणजे नगाला २.३८. शेड्यूल २५,००० वर आलं की तोच हप्ता नगाला ३.८०. आणि तोपर्यंत भाव १२.२० वरून ११.१३ झालेला असेल. मधे किती उरतं ते तूच बघ.

---

शेडवाली

काका, तू-तुम्हीचं काय घेऊन बसलात. मी आत्ता खरोखर बाकाखाली वाकून बघून आले.

अकरा नग.

---

पलीकडचा

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. चाकणला एका परदेशी कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो, तुमच्यासारख्या शेडचे ऑडिट करणारा तो माणूस. कंपनीचं नाव सांगणार नाही, तुमचीच कंपनी असेल तर योगायोग.

काकांनी लिहिलंय ते बरोबर आहे, फक्त एक गोष्ट सांगतो जी आम्ही व्हेंडरला कधी सांगत नाही. तुमचं १२.२० हे टार्गेट आमच्या पर्चेसवाल्याने काढलेलं नसतं. हेड ऑफिसच्या एका तक्त्यात तोच पार्ट थायलंडहून, चीनहून, पूर्व युरोपातून इथे येऊन किती पडतो ते असतं. भाडं, ड्युटी, सगळं धरून. त्याच्याखाली अमुक टक्के की लोकल करायला परवानगी. आमचा पर्चेसवाला तुमच्याशी घासाघीस करतो तेव्हा तो स्वतःही तक्त्यापुढे हात बांधून उभा असतो. म्हणून त्याच्याकडे भाव मागू नका, तो देऊ शकत नाही. जे तक्त्यात येत नाही ते मागा.

टूलिंग आणि गेजचे पैसे वेगळे मागा, एकरकमी. ते दुसऱ्या बजेटमधून जातात. आमच्याकडे तर वर्षअखेरीस ते बजेट संपवायची घाई असते.

स्टीलचा भाव तिमाहीला बदलला की पार्टचा भाव आपोआप बदलेल, हे कलम घाला. बार त्यांच्या ठरलेल्या दुकानातून आहे म्हणजे ते बहुतेक तयार असतील. फक्त फरक कधीपासून लागू, ते नीट लिहून घ्या. स्टील वाढलं की फरक चार महिन्यांनी मिळतो आणि उतरलं की पहिल्या तारखेपासून कापतात, हे मी डोळ्याने पाहिलंय.

कपातीला नगांशी बांधा. "महिना ३५,००० च्या वर सरासरी असेल तरच पुढची कपात." किमान नगांची हमी कोणीही लिहून देणार नाही, त्यासाठी वेळ घालवू नका. पण कपातीची अट मात्र बऱ्याचदा मान्य होते, कारण ती आज फुकट वाटते.

ऑडिटबद्दल. आमच्या जर्मन पद्धतीत ९० च्या वर 'ए', ८० ते ९० 'बी', त्याखाली 'सी'. 'सी' आला की काम नाही. छोटी शेड बहुतेक वेळा मशीनवर मार्क गमावत नाही. गमावते ती खराब मालाच्या हाताळणीत आणि गेजच्या कॅलिब्रेशनमध्ये. मी शेडमध्ये शिरल्यावर आधी ऑपरेटरशी बोलतो, मालकाशी नंतर. मालक शेजारी उभं राहून उत्तरं सुचवू लागले की मला बरंच काही कळतं.

आणि ताई, एक खासगी मत. मला आवडतात त्या शेड अशा की जिथे आमचं काम सगळ्यात मोठं नसतं. तिथला मालक "हे जमणार नाही" असं तोंडावर सांगू शकतो. बाकीचे सगळ्याला हो म्हणतात आणि मग रात्री तीनला मला फोन येतो.

---

वर्गातला

अर्थशास्त्र शिकवतो, साताऱ्याकडे. वर्कशॉपचं काही सांगण्याचा अधिकार नाही, पण 'जुना टर्नर' यांनी एका बँजो बोल्टवर जे सांगितलं त्यावर जगभर वाद घातला गेलाय, म्हणून थोडं.

व्हेनेझुएलातल्या कारखान्यांचा एटकेन आणि हॅरिसन यांनी अभ्यास केला, तो १९९९ ला छापून आला. परदेशी भांडवल ज्या धंद्यात शिरलं, त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घसरली, असं त्यात दिसलं. कारण साधं: गिऱ्हाईक गेलं, नग कमी झाले, शेडचं भाडं तेवढंच. पुढे २००४ ला जावोरचिक यांनी लिथुआनियाचे आकडे घेतले आणि वेगळ्या जागी बघितलं, परदेशी कंपनीच्या स्पर्धकांकडे नव्हे तर तिला माल पुरवणाऱ्यांकडे. तिथे फायदा दिसला. तोही मुख्यतः जिथे परदेशी कंपनीत स्थानिक भागीदार होता तिथे. निव्वळ शंभर टक्के परदेशी असेल तर तसा दिसला नाही.

आपल्याकडे दोन्ही चित्रं एकाच पिढीने पाहिली. १९७७ ला कोका-कोला गेली, त्या मोकळ्या जागेत पार्लेचं थम्स अप वाढलं, आणि १९९३ ला कंपनी परत आली तेव्हा थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळं तिने विकतच घेतलं. ही समोरासमोरची गोष्ट. दुसरीकडे डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती बाहेर पडली, आणि स्टीअरिंगपासून दिव्यांपर्यंत माल पुरवणारे उद्योग तिच्याभोवती उभे राहिले, पुष्कळसे जपानी भागीदार घेऊन. तिथे सरकार स्वतः भागीदार होतं, देशी मालाचा आग्रह होता, हे विसरून चालत नाही.

'शेडवाली' यांच्याकडे आलेली कंपनी त्यांची स्पर्धक नाही, गिऱ्हाईक आहे. म्हणजे त्या लिथुआनियात आहेत, व्हेनेझुएलात नाहीत. प्लेटिंगवाला मात्र कुठल्याच तक्त्यात नाही, आणि ते वाचून मी जरा थांबलो. अशा शेडची नोंद कोणी ठेवत नाही. आकडेवारी तगलेल्या कारखान्यांची असते.

---

जुना टर्नर

लिथुआनिया कुठे आलं ते नातवाला विचारलं. थंडी फार असते म्हणे.

सर, तळेगावचं पण लिहा तुमच्या वर्गात. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ ला सुरू झाला. २०१७ संपताना देशातली विक्री बंद, डिसेंबर २०२० ला उत्पादनच बंद. मधे एक चिनी कंपनी घेणार होती, ते फिसकटलं. आता ह्युंदाईने घेतलाय. जागा तीच, पण कंपनी बदलली की व्हेंडरची यादी पण बदलते. कोरियन कंपनी आपले पुरवठादार बरोबर घेऊन येते. गेट उघडलं म्हणजे गेटाबाहेरच्या जुन्या शेडला काम मिळालं असं होत नाही.

---

शेडवाली

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, गुरुवार आहे, शेड बंद, म्हणून वेळ आहे.

काकांचं २.३८ आणि ३.८० मी कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. मग दोन दिवस बसून वेगळा हिशेब केला. चार मशीनांपैकी एकावर जे जॉबवर्क चालतं त्यात तासाला काही उरत नाही, केवळ ओळखीखातर चालू आहे. ते सोडलं तर एक मशीन मोकळं होतं आणि एकच नवं घ्यावं लागेल. बँकेकडून ४५ ऐवजी २० लाख. पुढे काम गेलंच तर एका मशीनचा हप्ता पंपाच्या कामातून ओढता येईल, दोनचा नाही. जॉबवर्कवाल्या काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "तुझ्या वडिलांनी हे दहा वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं." चहा पाजला वर.

कंपनीला मेल केला. उद्यमचं सर्टिफिकेट जोडलं, हिशेबी म्हणाले तसंच वाक्य टाकलं. ९० दिवसांचं ४५ झालं, कोणी चकार शब्द काढला नाही. मी आठवडाभर त्या वाक्यावर झोप घालवली होती. ट्रेड्सचं "बघून सांगतो" आहे. गेजचे पैसे वेगळे द्यायला तयार आहेत. कपात नगांशी बांधायला पर्चेसवाला आधी हसला, मग म्हणाला विचारतो. भाव १२.२० वरच अडलाय, तो हलणार नाही हे आता कळलंय, त्यामुळे मी पण मागणं सोडलं. चिपच्या पैशांवर मात्र अर्धा तास भांडले. निम्मे माझे राहिले.

सगळं मात्र उघडं केलं नाही. ओपन कॉस्टिंगमध्ये मी मशीनचा तासाचा दर दिला, पण सायकल टाइम ५५ सेकंदच लिहिला. आमचा सेटर म्हणतो ४९ ला येईल. ते सहा सेकंद मी कोणाला सांगणार नाही. इथे लिहिलं ते सोडून.

आणि हो, सेटर. त्याला बसवून विचारलं, चाकणला बोलावलं तर जाशील का. म्हणाला, जाईन. मग म्हणाला, पण लगेच नाही. एवढ्यावर मी त्याचा पगार वाढवलाय. पुढचं पुढे.

बाबांची जुनी फाइल काढली होती. २००६ ला नाकारलेल्या कामाचं पत्र सापडलं, मागे त्यांच्या अक्षरात पेन्सिलने आकडे. हप्ता भागिले नग. तोच हिशेब. उत्तराखाली दोन रेघा मारल्यात आणि पुढे काही लिहिलेलं नाही.

बुधवारी त्यांचा माणूस शेड बघायला येतोय. ड्रिलला काउंटर लावलाय, ५०० वर ठेवलाय. लाल पेटी आणली. ते अकरा नग चिपच्या पिंपात टाकले. मी ऑपरेटरपासून लांब, ऑफिसातच बसणार आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

---

जुना टर्नर

पेटीला कुलूप?

---

शेडवाली

आणते.